लॉग टेबल परत पाठवत आहे

हॅम्बर्ग, ३ नोव्हेंबर २०२४

मुक्ता यांस,

सोबत तुमचं लॉग टेबल परत पाठवत आहे. अन्वीच्या बॅगेत, लोकरी मोज्यांच्या खाली सापडलं. आधी वाटलं चुकून आलं असेल, पण आतल्या पानावर 'अन्वीला, मुक्ताकडून' असं लिहिलेलं दिसलं. म्हणजे चुकून नाही.

मी अन्वीची आई. उत्कर्षची पूर्वीची बायको असंही म्हणता येईल, पण त्याला चार वर्षं झाली आणि त्या नात्याने मला तुमच्याशी काही बोलायचं नाही. तुम्ही त्याच्या आयुष्यात आमच्या घटस्फोटानंतर आलात. तुमच्यामुळे काही मोडलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. त्यामुळे तुमच्यावर नीट रागावण्याचीसुद्धा सोय नाही.

मुद्दा असा. अन्वी नववीत आहे. गणितात तिला पाच ग्रेड मिळाली आहे, आणि इथे पाच म्हणजे नापास. शाळेतून पत्र आलं, मी शिक्षकांना भेटून आले, सुटीत काय करून घ्यायचं ते उत्कर्षला सविस्तर लिहून पाठवलं. आणि सुटी संपवून मुलगी तुमच्याकडून, कायझर्सलाउटर्नहून परत आली ती काय शिकून? तर लॉग टेबल बघून गुणाकार कसा करायचा ते! वर्गात सगळ्यांकडे कॅल्क्युलेटर आहे. परीक्षेतही चालतो. तुम्ही तिथल्या इन्स्टिट्यूटमध्ये गणितात संशोधन करता म्हणे. तुम्हाला हे मी सांगायला हवं का?

लॉग टेबल मलाही माहीत आहे. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला मीही ते घेऊन बसले होते. पेपर झाल्यावर पुन्हा उघडलं नाही. कोण उघडतं?

आणखी एक. ती तुम्हाला नुसतं 'मुक्ता' म्हणते. जर्मन मुलं म्हणत असतील, आपल्यात बरं दिसत नाही. मावशी म्हणायला सांगा, काकू सांगा, काहीही सांगा. आई सोडून.

संध्या


हॅम्बर्ग, २४ नोव्हेंबर २०२४

मुक्ता यांस,

ते पुस्तक पुन्हा पाठवाल का?

हे लिहायला मला किती जड जातंय याची तुम्हाला कल्पना असेलच, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

झालं ते असं. पुस्तक नाहीसं झाल्याचं तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं आरडाओरडा केला नाही. मला विचारलं, जर्मनमध्येच, कुठाय? आमच्या घरात मी मराठी बोलते आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते, तुमच्याकडेही तसंच असेल असं मी समजून होते. मी म्हटलं, परत पाठवलं. त्यावर ती म्हणाली, "ते माझं होतं."

मराठीत म्हणाली. माझ्याशी गेल्या कित्येक महिन्यांत तिनं आपणहून बोललेलं ते पहिलं मराठी वाक्य, आणि ते तुमच्या पुस्तकाबद्दल.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. म्हणून मी एक शहाणपणा केला. आमच्या गल्लीत लोक नको असलेल्या वस्तू खोक्यात घालून दाराबाहेर ठेवतात, कुणीही उचलून न्याव्यात. तिथे मला एक जर्मन लॉग टेबल मिळालं, कापडी बांधणीचं, जाडजूड. मी ते तिच्यासमोर ठेवलं. तुमच्या पातळ पुस्तकापेक्षा हे किती तरी चांगलं, असं माझं म्हणणं. तिनं उघडलं, दोन पानं पाहिली आणि मिटलं. ते पाच अंकी निघालं. आपलं चार अंकी. "हे ते नाहीये," ती म्हणाली. तेवढं मलाही दिसत होतं.

तुम्ही दोघी रविवारी फोनवर बोलता तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. मुद्दाम ऐकत नाही, पण भिंती पातळ आहेत. ती म्हणते, "थांब, सांगू नकोस, मी काढते." आणि मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. मग ती हसते. माझ्यासमोर गणिताची वही उघडली की तिची मान खांद्यांत जाते, जणू वरून काही पडणार आहे. तुमच्याशी बोलताना ती हसते.

तुम्ही असं काय करता? खोचकपणे विचारत नाही. थोडं खोचकपणेच विचारते आहे, पण उत्तर मला हवं आहे.

संध्या


हॅम्बर्ग, ५ जानेवारी २०२५

मुक्ता यांस,

पुस्तक मिळालं, पत्रही मिळालं. अक्षर फारच सुंदर आहे तुमचं. तेही असायला हवंच होतं का?

तुम्ही लिहिलंत की तुम्ही काहीच करत नाही, ती गणित सोडवते तोवर तुम्ही चहा पिता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ही माझी चेष्टा करते आहे. मग वाटलं, करून तर पाहू.

नाताळच्या सुटीत एका दुपारी आम्ही बसलो. मी चहा केला. तुमच्या पुस्तकाच्या पाठीमागच्या उदाहरणांतलं एक तिनं घेतलं: सत्तेचाळीस पूर्णांक तीन गुणिले शून्य पूर्णांक शून्य दोनशे शहाऐंशी. ती बोटानं ओळ शोधत होती, बोट उजवीकडे सरकवत होती, रकान्यातला आकडा वहीत उतरवत होती, ओठ हलत होते. गुणाकाराची बेरीज होते याची तिला अजून गंमत वाटते, आणि मला अठराव्या वर्षी ती वाटली नव्हती हे तेव्हा लक्षात आलं. मला फक्त पेपर संपवायचा होता.

मी चहाचा कप तोंडाला लावून बसले. फार वेळ नाही बसवलं. माझ्या डोक्यात दोन्ही लॉग जुळले होते. तिचं बोट अजून दुसऱ्या आकड्यावर होतं, आणि मी बोलून गेले, "शून्य पूर्णांक एक तीन पाच तीन."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. ते ठेवणं मला पाठ आहे. मागे एकदा ती मला म्हणाली होती, मम्मा, तू टाशेनरेश्नर आहेस. म्हणजे कॅल्क्युलेटर. मी तेव्हा ते कौतुक समजले होते.

पण या वेळी तिनं पेन्सिल परत उचलली. बेरीज पूर्ण केली, कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "मम्मा, हातचा! तू हातचा विसरलीस!"

खरंच विसरले होते. उत्तर एक पूर्णांक तीन पाच तीन. मी दहापटीनं चुकले होते. 'हातचा' हा शब्द मी तिला कधी शिकवलेला नाही. या घरात तो कुणी उच्चारलाच नाही. तो तुमच्याकडून आला. मी चुकले म्हणून ती टाळ्या पिटत होती, मीही हसत होते, आणि त्याच वेळी तो एक शब्द मला टोचत होता.

मग ती म्हणाली, मजेत आहे तोवर बोलून घ्यावं तशी, "दहावीला मी पापाकडे गेले तर चालेल?"

मी विचारलं, तिथे काय आहे. शाळा इथल्यापेक्षा बरी नाही, मैत्रिणी सगळ्या इथे, समुद्रासारखी नदी इथे. ती म्हणाली, "तिथे मी हळू केलं तरी कुणाला घाई नसते."

पापाकडे म्हणाली, पण उत्कर्ष संध्याकाळी सातला घरी येतो आणि जेवताना फोन बघतो, हे मी बारा वर्षं पाहिलेलं आहे. ती तुमच्याकडे येऊ म्हणते आहे.

मी 'बघू' म्हटलं. तुम्हाला हे ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर सांगू नका.

संध्या


हॅम्बर्ग, १ फेब्रुवारी २०२५

मुक्ता यांस,

तुमचं पत्र आलं. अन्वीच्या शाळेच्या ओपन डेला तिनं तुम्हाला बोलावलं आहे, आणि मला चालणार असेल तरच तुम्ही याल, असं तुम्ही लिहिलंत. विचारलंत, हे चांगलं केलंत.

नाही चालणार.

कारण देत नाही. तिच्या टेबलापाशी उभी राहायला मी एकटी पुरेशी आहे, हे मला एकदा पाहायचं आहे. बघा, कारण दिलंच.

संध्या


हॅम्बर्ग, १७ फेब्रुवारी २०२५

मुक्ता,

आज 'यांस' लिहीत नाही. तुम्हाला शनिवारचं सगळं सांगायला हवं. अन्वी सांगेल की नाही माहीत नाही. सध्या ती कुणाशीच बोलत नाही.

ओपन डेला प्रत्येक वर्गानं काही ना काही मांडलं होतं. अन्वीच्या टेबलावर पाटी होती, 'विजेशिवाय हिशेब'. पाटी तिनंच रंगवली होती. लोक यायचे, गुणाकार सांगायचे, ती लॉग टेबल उघडून करायची आणि शेजारी बसलेली तिची मैत्रीण कॅल्क्युलेटरवर तपासायची. शाळा बघायला आलेली छोटी मुलं, त्यांचे आईबाप, सगळे थांबत होते. मुक्ता, ही तीच मुलगी जिला गणिताच्या तासाआधी पोटात दुखायचं. मी बाजूला कोट सांभाळत उभी होते. मला फार अभिमान वाटत होता आणि दर थोड्या वेळानं मी दाराकडे बघत होते, तुम्ही ऐकलं नसेल तर, आला असाल तर, म्हणून.

दाराकडे तीही बघत होती.

मग तिचे गणिताचे शिक्षक हेर ब्रांड्ट आले. माणूस चांगला आहे, पण त्यानंच तिला पाच दिली होती. त्यानं विचारलं, शून्य पूर्णांक शून्य पाचचं घनमूळ निघेल का?

तुम्हाला सांगायला नको, पण सांगते. लॉग आला बार टू पॉइंट सहा नऊ नऊ शून्य. बार म्हणजे डोक्यावर रेघ असलेले ते दोन तेवढे उणे, बाकीचे अंक अधिक. घनमूळ म्हणजे तीननं भागायचं. आणि उणे दोनला तीननं सरळ भाग जात नाही. तिथे ती अडली. पेन्सिलीचं टोक त्या रेघेवर टेकवून नुसती थांबली. तीन-चार माणसं जमली होती. एका मुलानं खिशातून फोन काढला.

मला येत होतं. महिनाभर मी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवण उरकून तेच करत होते, आता सांगायला हरकत नाही. उणे दोनचे उणे तीन करायचे आणि तो एक पुढच्या अंकांत मिळवून टाकायचा, की झालं. दोन शब्दांचं काम. तिनं दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं. मुक्ता, शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. मी तिचा कोट तोंडाशी धरला आणि गप्प राहिले. मला वाटतं आयुष्यात मी इतकं कठीण काम दुसरं केलेलं नाही, आणि बघणाऱ्याला वाटलं असेल, या बाईला सर्दी झाली आहे.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. हेर ब्रांड्ट म्हणाले, राहू दे, हे जरा अवघड आहे. "नाइन," ती म्हणाली, "वार्टेन झी." नाही, थांबा. आणि मग तिनं बार टूच्या खाली बार थ्री लिहिलं. पुढचं सगळं भराभर झालं. शून्य पूर्णांक तीन सहा आठ चार. कॅल्क्युलेटरनंही तेच सांगितलं. हेर ब्रांड्टनी तो कागद मागून घेतला, वर्गात लावायला.

घरी येताना आम्ही नदीतली फेरीबोट घेतली. तिला आवडते म्हणून, आणि मला तो दिवस लांबवायचा होता म्हणून. आत काचेपाशी बसलो. बाहेर पाऊस. मी म्हटलं, खूष ना? ती म्हणाली हो. मग काचेकडे बघत म्हणाली, "मुक्ता म्हणाली मीटिंग आहे. शनिवारी कसली मीटिंग? पापासारखीच निघाली तीपण."

म्हणजे तुम्ही तिला माझं नाव सांगितलं नव्हतं.

मुक्ता, मला हेच हवं होतं. मी नोव्हेंबरपासून याच वाक्याची वाट बघत होते. माझ्या मुलीच्या तोंडून, माझ्या शेजारी बसून, तुमच्याबद्दल. ते आलं आणि मला क्षणभर खरोखर आनंद झाला, खोटं कशाला बोलू. फक्त गप्प राहायचं होतं. थोड्या वेळापूर्वीच मी गप्प राहायला शिकले होते. पण तिचा चेहरा उत्कर्षनं वाढदिवस चुकवल्यावर व्हायचा तसा झाला होता. तो चेहरा मी ओळखते. तो तुमच्या नावावर मी लावू शकले नाही.

म्हटलं, "तिला यायचं होतं. तिनं मला विचारलं होतं. मी नको म्हटलं."

ती उठली आणि बाहेर डेकवर गेली. पावसात. मी तिचा कोट घेऊन मागे गेले नाही, काचेतून बघत राहिले. परत आली तेव्हा केस चिकटले होते. तिनं विचारलं, "मग ती खोटं का बोलली?"

मी म्हटलं, "तुला माझा राग येऊ नये म्हणून."

तिनं ओले केस मागे सारले. मग विचारलं, "तू मला तिकडे जाऊ देणार नाहीस, ना?"

माझ्या डोक्यात सगळी उत्तरं तयार होती. शाळा, मैत्रिणी, नदी. आणि मी म्हटलं, "जा. दहावीला जा."

तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, याबद्दल मला आभार मानायला हवेत. मानते. पण पुन्हा माझ्यावर असे उपकार करू नका. तुम्ही थोड्या वाईट असतात तर माझं किती सोपं झालं असतं.

संध्या


हॅम्बर्ग, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय मुक्ता,

'अहो-जाहो सोडा' असं तू लिहून किती दिवस झाले. आज सोडते. अन्वीला तुझ्याकडे येऊन महिना होत आला, आता आपण एकमेकींना 'तुम्ही' म्हणणं म्हणजे नाटकच.

ती गेल्यापासून घर नीट आवरलेलं असतं. याबद्दल एवढंच.

पहिले दोन आठवडे तिचे फोन फार वाईट होते. म्हणजे ती आनंदात होती. मुक्तानं हे केलं, मुक्ता असं म्हणाली, आम्ही फ्रान्सच्या हद्दीपर्यंत सायकलनं जाऊन आलो. मी वा वा म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातली कपाटं पुसायचे. सगळी कपाटं पुसून झाली. तुझा हेवा वाटतो मला, मुक्ता. कमी होईल असं वाटलं होतं, झाला नाही. फक्त आता त्याची सवय झाली आहे, गुडघेदुखीची होते तशी.

पण आज मी वेगळ्याच कामासाठी लिहिते आहे. काल तिचा फोन आला तो रडतच. तू तिचा फोन जेवणाच्या टेबलावरून उचलून जेवण होईपर्यंत कपाटात ठेवलास म्हणे. उत्कर्ष स्वतः फोन बघत जेवत होता आणि त्याला तू काही म्हणाली नाहीस, हा तिचा मुख्य मुद्दा. मुद्दा बरोबर आहे, त्याचाही ठेव. मग भांडण वाढलं. पुढचं तिनं मला मराठीत सांगितलं, कारण खोलीचं दार उघडं होतं आणि, तिच्या म्हणण्याप्रमाणे, "पापाला इतकी फास्ट मराठी कळत नाही." कोथरूडमध्ये वाढलेल्या माणसाबद्दल हे! भांडताना ती तुला म्हणाली, "तू माझी आई नाहीस." आणि तू उठून गेलीस.

हे ऐकून मला काय वाटलं ते तुला सांगणार नव्हते. सांगते. मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीत बसले. हातात फोन, कानात मुलीचं रडणं, आणि मी एकटी हसत होते. तुला दुखवणारं वाक्य मला आयतं मिळालं होतं, तेही तिच्याच तोंडचं. मी ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं.

मग तिनं विचारलं, "मी बरोबर बोलले ना, मम्मा?"

आणि मुक्ता, मी तिला झापलं. असं झापलं की तिचं रडणं थांबलं. म्हटलं, ज्या घरात राहतेस त्या घरातल्या माणसाला असं बोलायचं नसतं. ती तुझ्यासाठी काय काय करते हे तुला ठाऊक आहे का? मलाही सगळं ठाऊक नाही, पण पुरेसं ठाऊक आहे. आत्ताच्या आत्ता जा आणि तिची माफी माग.

मग ती म्हणाली, "तू तिच्या बाजूची आहेस?" इतक्या आश्चर्यानं म्हणाली की मलाही आश्चर्य वाटलं.

मी म्हटलं, "मी कुणाच्या बाजूची नाही. जा."

तिनं फोन आपटला. त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही.

तर मला एवढंच कळव की तिनं माफी मागितली का. मागितली नसेल तर तू स्वतः काही बोलू नकोस, समजूत घालू नकोस, हसून सोडून तर अजिबात देऊ नकोस, तुला ती सवय आहे. मला सांग. मी पुन्हा फोन करून ओरडेन. ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, काही बिघडत नाही. मी तिची आई आहे. ते काम माझं आहे.

संध्या